धामणखेडच्या बारा गाड्या

त्या चैत्रात गोविंदगिरी महाराजांचा मुक्काम धामणखेडला, खंडोबाच्या देवळात होता. गावाची दशा सांगायला लाज वाटते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत माळकऱ्यांचा गट पडला, भगतांचा निवडून आला, आणि तेव्हापासून सख्ख्या शेजाऱ्यांत विस्तव जात नव्हता. देवाचं नाव घेणाऱ्या तोंडांनी माणसं एकमेकांना शिव्या घालत होती.

यात्रेच्या दिवशी, रिवाजाप्रमाणे, एकामागे एक बांधलेल्या, माणसांनी भरलेल्या बारा गाड्या बाळकू भगतानं एकट्यानं ओढायच्या होत्या. पाच दिवसांचा उपास झाला होता. गाड्या हलल्या नाहीत, तर सहा पिढ्यांचा मान त्याच्या घरातून जाणार होता. पडलेल्या गटाचे म्होरके रंगराव पाटील पारावरून म्हणाले, "बाळक्या, तुझ्या अंगात देव नाही, सरपंच येतो. थोतांड नुसतं."

बाळकूनं कमरेला दोर बांधून जोर लावला. गाड्या तसूभर हलल्या नाहीत. पुन्हा लावला, पाठीतून कळ गेली. लोक फिदीफिदी हसले. शेवटची गाडी पाटलांची, त्यांनीच काहीतरी केलं असणार, हे ध्यानात आलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कमरेचा दोर सोडून तो काठी उगारत पाराकडे धावला. महाराज आडवे आले.

"त्याचं दुखणं काय, ते आधी त्याच्यासमोर बोलून दाखव," महाराज म्हणाले. "तो 'होय' म्हणाला, की मी बाजूला होतो."

"त्याला कसलं दुखणं? मस्ती हाय नुसती."

"हे तुझं झालं. त्याचं सांग."

खोटं कशाला सांगावं, बाळकूला महाराजांचाही संताप आला. पण महाराज हलेनात. शेवटी तो पाटलांकडे बघत, दातओठ खात बोलला, "दादा, निकालादिवशी तुमच्या आईला घरघर लागली हुती. आमची पोरं तुमच्या दारात ताशा बडवत हुती. तुम्ही हात जोडलंत. कुणी थांबलं न्हाई." त्याची उगारलेली काठी खाली आली. "मी म्होरं नाचत हुतो."

रंगरावांचा चेहरा वाकडातिकडा झाला.

"होय," ते म्हणाले. "हेच." मग एकदम उठले. "थांबा. शेवटच्या गाडीचं चाक मी साखळीनं दगडाला जखडलंय. सोडतो."

महाराज बाजूला झाले आणि म्हणाले, "बाळकू, दोर घे."

काठी टाकून बाळकूनं दोर कमरेला बांधला. रंगराव किल्ली घेऊन अर्ध्या वाटेवर होते, तोच बाराच्या बारा गाड्या त्यांच्यासमोरून धडाडत निघून गेल्या! दगडाशी साखळी पडली होती. एकही कडी तुटली नव्हती, कुलूप लागलेलंच होतं.

रंगराव महाराजांच्या पायाशी वाकले. महाराज दोन पावलं मागं सरले. "माझ्या नको," म्हणाले, आणि मैदानाच्या टोकाला धापा टाकणाऱ्या बाळकूकडे बोट केलं.

पाटील चालत तिथवर गेले. बाळकूनं मान वर केली नाही. "आई काय म्हनत हुती, दादा?"

"ताशात ऐकूच आलं नाही रे," रंगराव म्हणाले, आणि साऱ्या गावादेखत भगताच्या धुळीनं भरलेल्या पायांवर डोकं ठेवून पोटभर रडले.