आज काय संपलंय?

एकदा एक मिरचीचा व्यापारी भर दुपारी, पोटात कावळे ओरडत असताना, दोन चांगल्या हॉटेलांच्या दारातून न जेवता परत फिरला. सोबतच्या शिष्याला याचा अर्थच लागेना.

व्यापारी सत्तरी ओलांडलेले. गडहिंग्लजच्या बाजारात सगळे त्यांना अप्पा म्हणत. शिष्य महांतेश सहा वर्षं त्यांच्या वखारीत मिरची निवडायला आणि पारखायला शिकत होता. दिवाळी सरली होती आणि अप्पा त्याला प्रथमच माणदेशाच्या फेरीवर घेऊन निघाले होते. तिकडच्या खानावळींना मिरची पुरवण्याचं काम आता कोणाच्या तरी हाती सोपवायचं होतं. ते आपल्याला मिळावं म्हणून महांतेशचा जीव वर्षभर टांगणीला लागला होता.

सकाळी गाडीत बसतानाच अप्पा म्हणाले, "आजचं दुपारचं जेवण तू शोधायचं. माझ्या ओळखीचं ठिकाण नको. आपली मिरची खानावळीत जाते. चांगली खानावळ ज्याला ओळखता येत नाही, त्याच्या हाती मी माझी मिरची देत नसतो."

महांतेशला स्टिअरिंगवर ठेका धरावासा वाटला. एवढीच परीक्षा? आणि तीही फोन खिशात असताना?

सव्वा वाजता त्याने गाडी कडेला घेतली, फोनवर बोट फिरवलं आणि ओरडलाच, "सापडलं! साडेचार तारे, अप्पा! नऊशे लोकांनी लिहिलंय!"

"लिहिलंय नऊशे जणांनी. जेवले किती?"

हॉटेल झकास होतं. दारात कारंजं, आत गारवा. अप्पा सरळ गल्ल्यापाशी गेले आणि मालकाला नमस्कार करून विचारते झाले, "आज काय संपलंय हो?"

मालक हसला. "आपल्याकडं काय संपत नसतंय, साहेब! चाळीस भाज्या आहेत. बोला फक्त."

"छान. येतो मग," म्हणून अप्पा बाहेर!

महांतेश मागे धावला. "अप्पा, अहो, सगळं आहे म्हणाला तो!"

"ऐकलं की. कानांनी अजून साथ सोडलेली नाही. चल पुढे."

दुसऱ्या वेळी महांतेशने तारे सोडले आणि गर्दी धरली. एका ढाब्यासमोर वीसेक गाड्या आणि दोन बस उभ्या होत्या. माणसं हातात ताट घेऊन जागा शोधत होती. याहून मोठा पुरावा कुठला? अप्पांनी तिथेही तोच प्रश्न टाकला. "काय संपलंय?" गल्ल्यावरच्या माणसाने मान वर न करताच सांगितलं, "सगळं आहे, बसा." अप्पा पुन्हा गाडीत.

आता दोन वाजून गेले होते. महांतेशच्या उत्साहाची जागा धास्तीने घेतली. दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा चुकलो तर वखारीतच आयुष्य जाईल. तेवढ्यात त्याला रस्त्याकडेच्या खांबावर चढलेला वायरमन दिसला. हा माणूस गावोगाव हिंडतो, उन्हातान्हात राबतो, रोज बाहेर जेवतो! महांतेशने गाडी थांबवून खालूनच हाक मारली, "दादा, तुम्ही कुठं जेवता?"

"झालंय माझं!"

"तसं नव्हे हो! जेवायला कुठं जाऊ?"

"हौसाक्काकडं! फुडं चिंच लागंल, तिथं पत्र्याची शेड हाय. पर पळा! आता गेलासा तर गावंल न्हाईतर न्हाई!"

चिंचेखाली चार बाकडी होती. चुलीपाशी बसलेल्या हौसाक्कांना महांतेशने घाबरत घाबरत स्वतःच विचारलं, "अक्का, आज काय संपलंय?"

"वांगं संपलं, दही संपलं, भात दीडलाच संपला," त्या भाकरी थापत म्हणाल्या. "हुलग्याच्या शेंगोळ्या हायत, त्याबी दोनच ताटं. लसणाची चटणी हाय. चालत असंल तर हात धुवा. उशिरा येऊन वर तोंडं वाकडी करू नगासा."

महांतेश ओशाळला. गुरूला तीन गावं उपाशी फिरवून शेवटी उरलंसुरलं ताट! "अप्पा, पुढे एखादं..." म्हणत तो वळला, तर अप्पा बाह्या सारून हात धूत होते. त्यांचा चेहरा असा फुलला होता की जणू लेकीच्या घरी आलेत.

ताटं आली. ज्वारीची टम्म फुगलेली भाकरी, वाफाळत्या शेंगोळ्या आणि नाकाडोळ्यांतून पाणी काढणारी चटणी. पहिल्या घासालाच महांतेशचे डोळे विस्फारले. दुसऱ्या घासानंतर दोघंही बोलायचे थांबले. तिसरी भाकरी संपल्यावर अप्पांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"दुपारी दीड वाजता चाळीस भाज्यांतली एकही संपली नाही," ते म्हणाले, "म्हणजे एकतर त्या कोणी खाल्ल्या नाहीत, नाहीतर कालच्या आज आणि आजच्या उद्या चालल्यात."

"पण ढाब्यावर तर गर्दी होती."

"बसवाल्यांनी आणून सोडलेली. जेवणाऱ्यांची ताटं बघितलीस? सगळ्यांच्या वाटीत एकच लाल रस्सा. वर पनीर टाकलं की पनीर, काजू टाकले की काजू. तो कसा संपेल? ही बाई पहाटे आजच्यापुरतं रांधते. आपण 'संपलं' म्हटलं तर दारातलं गिऱ्हाईक परत जाईल, ही भीती तिलाही आहे. तरी ती म्हणते. म्हणून असं माणूस 'आहे' म्हणालं की मी डोळे झाकून जेवतो."

इतक्यात हौसाक्का पदराला हात पुसत आल्या. "गाडीचं दार उघडलं तवाच मला ठसका लागला. मिरचीवालं न्हवं का तुम्ही? संकेश्वरी हाय का चांगली? धा किलो टाका."

महांतेश पुढे झाला. पहिलं गिऱ्हाईक, तेही गुरूच्या समोर! डिकीत पोतं होतं. वरून लालभडक, पण गेल्या सालची मिरची. तिखटपणा राहिला होता, वास उडाला होता. रंग पाहून कोणीही घेतली असती. त्याने अप्पांकडे पाहिलं. अप्पा चिंचेवरचे पोपट बघण्यात दंग झाले होते.

"अक्का," तो एकदाचा म्हणाला, "चांगली संपली. आहे ती मागच्या सालची. तिखट होईल, पण वास येणार नाही. नवी संक्रांतीनंतर येईल."

हौसाक्का कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या. मग खळखळून हसल्या. "महिन्याभरात चौघं येऊन गेलं बाबा. समद्यांकडं नवीच होती! झाडाला अजून फुलं हायत, आन् ह्यांच्या पोत्यात नवी मिरची! तू ये संक्रांतीनंतर. तवर भागवती मी."

पोत्याचं तोंड न सोडताच परत निघालो, एवढंच परतीच्या वाटेवर महांतेशच्या मनात घोळत होतं. मिरजेचा फाटा मागे पडल्यावर अप्पांनी सीट मागे केली आणि डोळे मिटून घेतले.

"संक्रांतीनंतर मी येणार नाही," ते म्हणाले. "तू एकटाच जा. अक्कांना माझा नमस्कार सांग, आणि जेवायला एकच्या आत पोहोच."