जे भिजतंय ते आत घे

एका गावात एक भोळा राखणदार होता. त्याचे नाव येसबा. त्याला हळदीच्या गोदामावर नेमावे, अशी शिफारस ग्रामसभेत मीच केली होती. तो माझा विद्यार्थी. सांगितलेले तंतोतंत पाळण्याचा गुण त्याच्याइतका मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही.

गाव हळदीवर गबर झालेले. गोदामाला पक्के छत, छताला पंखे. दवाखान्याचे छप्पर मात्र चाळणीसारखे. माझी शेजारीण तुळसा हिचे दिवस भरत आले होते, म्हणून मी सरपंच आबासाहेबांना म्हटले, "आधी दवाखाना शाकारा."

"बाई, दवाखान्याला काय धाड भरलीय? चार थेंबांनी कोण विरघळतंय?" असे म्हणून ते येसबाकडे वळले. "तू हळदीकडं बघ. जे भिजतंय ते आत घे."

येसबाने सगळे लक्षात ठेवले.

दुसऱ्या दिवशी त्याला तळ्यात म्हशी भिजताना दिसल्या. त्याने त्या आत घेतल्या.

"अरे गाढवा!" आबासाहेब ओरडले. "आत शिरेल त्याला काठीनं हाकल!"

मग हळदीचे बडे व्यापारी गोदाम पाहायला आले. येसबाने त्यांना काठीने वेशीपर्यंत पोचवले.

"अरे, आलेल्याला बसवावं, चहा पाजावा, काय हवं ते विचारावं!"

मग चोर आला. येसबाने त्याला बसवले, चहा पाजला, काय हवे ते विचारले. चोर भिडस्त होता. एकच पोते म्हणाला. येसबाने आग्रह करून दुसरेही दिले.

आबासाहेबांनी कपाळ बडवून घेतले. "आतून कडी घाल! देव आला तरी मी आल्याबिगर उघडू नकोस!"

एवढे बजावून ते तालुक्याला 'समृद्ध गाव' पुरस्कार घ्यायला गेले. इकडे अवकाळी पाऊस कोसळला. दवाखान्यात तुळसाला कळा सुरू झाल्या. मी तिच्यावर छत्री धरून उभी. कडी घालण्याआधी बाहेर काही भिजतंय का, हे बघत येसबा दवाखान्याच्या दारात डोकावला.

"बाई, तुळसावैनी भिजत्यात!"

त्याने हमालांना हाक मारली आणि तुळसाला खाटेसकट गोदामात घेतले. चहा पाजला. काय हवे ते विचारले.

"जागा हवी आणि गरम पाणी!" नर्सबाई खेकसल्या.

येसबाने पाणी आणले. जागेसाठी सगळी पोती हमालांकरवी दवाखान्यात नेऊन टाकली. मग आतून कडी घातली.

आबासाहेब वाजतगाजत परतले, मागे तालुक्याचे पाहुणे.

"येसबा, दार उघड!"

"कोन?"

"मी आबा!"

कडी निघाली. पंख्याखाली तुळसा, कुशीत गुटगुटीत मुलगी. येसबाने पाहुण्यांना चहा विचारला.

"माझी हळद कुठाय?"

"दवाखान्यात."

"अरे, भिजली की ती!"

"आबा, तुमीच म्हनला न्हवं, चार थेंबांनी कोन इरघळतंय?"

दवाखान्यातून निघालेला पिवळा ओहोळ तेवढ्यात पाहुण्यांच्या बुटांपर्यंत आला.

सभा तिथेच भरली. ठरले असे, की दवाखान्याला गोदामासारखे पक्के छत घालावे, आणि तोवर बाळंतपणे गोदामातच व्हावीत. पाहुण्यांदेखत पहिला हात आबासाहेबांचा, दुसरा माझा. तुळसाने झोपलेल्या लेकीचाही उचलून धरला. विरोध एकट्या येसबाने नोंदवला.

"गावात काहीच भिजलं न्हाई, तर म्या आत घ्यावं काय?"