आम्ही आणि आपण

चुली-शेगड्या बोलत असत, त्या काळची गोष्ट. थोरल्या भट्टीने शंभर वर्षं जिलब्या तळून मुदपाकखान्याचं छप्पर काळंकुट्ट केलं आणि मग सभा भरवली. कोपऱ्यातल्या शेगडीवर तेव्हा कुठे पेजेचं पहिलं आधण चढलं होतं.

"छप्पर आपण काळं केलंय," भट्टी गहिवरून म्हणाली. "आता आपण सगळ्यांनी आग निम्मी करू."

शेगडीने आपल्या आधणाकडे पाहिलं. निम्म्या आगीवर पेज शिजणार कशी?

"आक्का, जिलब्या कुणी तळल्या हो?" तिने विचारलं.

"आम्ही!" भट्टी फुलून म्हणाली.

"म्हणजे तळताना आम्ही, आणि काजळी धरली की आपण होय?"

भट्टीने घसा खाकरला. "व्याकरणाचं पुढच्या सभेत बघू," म्हणाली आणि तिने आणखी दोन ओंडके मागवले.

"हे कुणासाठी?" शेगडीने विचारलं.

"आमच्यासाठी."