पणजोबांना काय हवं?

फणसांच्या हिरव्यागार राईच्या काठाला एक इवलीशी झोपडी होती. तिथे गोकर्णा राहायची. नाव केवढं आणि पोर केवढी, म्हणून सगळे तिला गोकीच म्हणत. घरात आई होती, आणि खाटेवर पणजोबा. ते इतके म्हातारे होते की त्यांचं वय सांगायला गावात कुणी उरलंच नव्हतं. आई दिवसभर लोकांच्या बागेत राबायची, तेव्हा कुठे चूल पेटायची.

त्या उन्हाळ्यात पणजोबा सुकत चालले. ओठांना भेगा पडल्या, बसल्या जागी घेरी येऊ लागली. पाणी पुढे केलं की एक घोट घ्यायचे आणि पेला बाजूला सारायचे. असंच चाललं तर म्हातारा दिवाळी बघत नाही, असं वैद्यबुवा आईला म्हणाले. ते गोकीने ऐकलं.

ती राईत जाऊन रडत बसली, तर शेजारून तिच्याहूनही बारीक हुंदका आला. पडून फुटलेल्या फणसाच्या चिकात एक इटुकली परी अडकली होती. शेवंतीच्या रंगाचा झगा, निळेजांभळे पंख, आणि सगळं चिकाने बरबटलेलं! चिकाला औषध एकच, तेल. राईत तेल कुठलं? पण सकाळीच आईने चपचपीत तेल लावून गोकीची वेणी घातली होती. गोकीने वेणीचं टोक पंखांवर हळूहळू फिरवलं. चीक सुटला आणि पंख झळाळले.

परीने खूश होऊन एक इच्छा देऊ केली. गोकी लगेच म्हणाली, "पणजोबांना तरुण कर."

"गेलेली वर्षं माझ्याकडेही नसतात, सोनुले," परी म्हणाली. "आणि माझा एक नियम आहे. ज्याच्यासाठी मागायचं, त्याला आधी विचारायचं. म्हातारी माणसं पहिल्यांदा 'काही नको' म्हणतात. ते खरं धरायचं नाही. बसून राहायचं."

गोकी घरी धावली. पणजोबा म्हणाले, "काही नको गं बाय."

गोकी बसून राहिली. पाय चेपत राहिली. उंबऱ्यावरचं ऊन अंगणात उतरलं, तेव्हा पणजोबा हळूच बोलले.

"पाणी प्यायलं की परसदारी जावं लागतं. एकट्याला जाववत नाही. तुझी आई दमून येते, तिला किती हाका मारू? म्हणून तहानच मारतो."

गोकीला रडू कोसळलं. डोळे पुसत ती राईत गेली आणि परीला खांद्यावर बसवून घेऊन आली.

"परीताई, खाटेपासून परसदारापर्यंत पणजोबांना धरायला काहीतरी दे."

परीने हात फिरवला. खाटेच्या पायाशी हिरवा कोंब फुटला. बघता बघता जाडजूड वेल भिंतीच्या कडेने, बरोब्बर पणजोबांच्या हाताच्या उंचीवरून, परसदारी पोचली. तिच्यावर चिमुकली सोनेरी फुलं लुकलुकू लागली.

पणजोबांनी एका हाताने वेल धरली, दुसरा गोकीच्या खांद्यावर ठेवला. जाऊन आले आणि खाटेवर बसून तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले. "बसून राहिलीस, म्हणून बोललो गं," ते म्हणाले. "सुखी राहा."

"स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस?" परीने विचारलं.

"मागितलं की," गोकी म्हणाली. "पणजोबा मागितले."

परी हसली. झोपडीभर सोनसळी उजेड पसरला, आणि त्या उजेडातच ती दिसेनाशी झाली.

पणजोबांनी पेला पुढे केला. "गोके, भरून दे. काठोकाठ."