उंडीखालचं सुकाणू

शाल्मलीला वाटलं होतं, शिडाची होडी दिसताच खाजणबेटावरचे लोक हरखून जातील. दूरदेशी नौकाबांधणी शिकून ती परतली होती आणि होळीपासून स्वतःच्या होडीतच राहत होती. पावसाआधी आठ बेटं फिरून शिडांची जुनी विद्या टिपून घ्यायची, असा तिचा निर्धार होता. पण इथे भेटेल तो एकच विचारी, "सुकाणू कधी उतरवतलंस गो?"

"धड आहे ते, दुरुस्ती नकोय," ती प्रत्येकाला सांगे. लोक हसत. तिला गोडं पाणी भरून देत, तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी वाढत, दशावताराला पुढे बसवत. मात्र शीड शिवणारे शेवटचे कारागीर, हरबा तांडेल, टाका दाखवायचं नाव काढत नसत.

आठव्या दिवशी ती चिडली. "एवढ्या लांबून शिकायला आले मी, आणि तुम्ही सुई झाकून ठेवता!"

हरबा तिला टेकाडावरच्या उंडीच्या झाडाखाली घेऊन गेले. तिथल्या कातळात एक लांबट खाच होती.

"हयसर जैतूचा सुकाणू ठेवलेला," ते म्हणाले आणि सांगू लागले.

फार पूर्वी बेटावर देवीची साथ आली, असं सांगतात. नांगरलेली गलबतं एका दुपारी शिडं उभारून पळाली. एकच उरलं. त्यावर जैतू आणि तिचा नवरा राहत. जमिनीवर त्यांना घर नव्हतंच. नवऱ्याने नांगराला हात घातला, तशी जैतूने म्हणे सुकाणू उपसलं, खांद्यावर घेतलं आणि छातीभर पाण्यातून किनारा गाठला. "बेटावरचं शेवटचं माणूस उठून चालू लागेपर्यंत हे पाण्याला लागणार नाही," अशी तिने शपथ घेतली. मग ती दारोदार पेज पोचवू लागली.

पंधराव्या दिवशी तुफान झालं. सुकाणूविना गलबत खडकांवर फुटलं. नवरा ऊर बडवत आला, "घर गेलं, जैतू!"

"वरच्या वाडीत अजून पेज गेली नाही," ती म्हणाली. "मडकं धर."

साथ सरली तेव्हा बेटाने तिला नवं गलबत बांधून दिलं. घराघरातून एकेक लुगडं आलं, आणि ती लुगडी जोडून शीड शिवताना हा टाका निघाला.

"आजही," हरबा म्हणाले, "पाहुणी होडी अक्षय्य तृतीयेक सुकाणू उतरवता, ता नारळी पौर्णिमेक गाव परत बसवून देता. मधल्या दिवसांत होडीवरचो माणूस आमचो. टाको तेकाच शिकवतत."

अक्षय्य तृतीया दुसऱ्याच दिवशी होती.

"माझी पाच बेटं राहिलीत अजून," शाल्मली म्हणाली. "पुढच्या वर्षी येईन, आजोबा."

"ये. तोपर्यंत माझे डोळे टिकले तर शिकवतलंय." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पण थोडं बाजूला. तिची आकृती तेवढी त्यांना दिसत असावी.

सकाळी ओहोटीला तिने पाच बेटांचे नकाशे गुंडाळून डब्यात बंद केले, सुकाणूची खिळी काढली आणि ते खांद्यावर घेतलं. पाण्यात तिचा दोनदा तोल गेला. किनाऱ्यावर सगळं गाव उभं होतं, पण कुणी पुढे झालं नाही. ते ज्याचं त्यानेच आणायचं असतं.