फ्रिजमधलं चॉकलेट

मृणालला सगळ्याचीच धास्ती. गॅस बंद केला तरी ती दोनदा बघून यायची आणि वर स्वतःलाच हसायची. पण लेकीचं इन्सुलिन घेताना मात्र तिला हसू येत नसे.

"भाऊसाहेब, काल दिवसभर वीज नव्हती. हे थंड राहिलं ना?"

औषध विक्रेता संघटनेचे अध्यक्ष असलेले भाऊसाहेब दुकानभर ऐकू जाईल असं हसले. "अहो ताई, इन्व्हर्टर आहे आपल्याकडे! फ्रिज बर्फासारखा गार होता. चार बुकं शिकलं की माणूस उगाच शंकेखोर होतो!"

गिऱ्हाईकंही हसली. आपलंच चुकतंय की काय, असं मृणालला वाटून गेलं. तेवढ्यात फ्रिजच्या काचेतून इन्सुलिनशेजारी रचलेली चॉकलेटं तिला दिसली.

"हीसुद्धा काल इथेच होती?"

"आठवडाभर इथेच आहेत. देऊ एक?"

"द्या."

तिने वेष्टन सोडलं. आतून वितळून पुन्हा थिजलेला वेडावाकडा गोळा निघाला. तो काउंटरवर ठेवत ती म्हणाली, "भाऊसाहेब, इन्व्हर्टर असल्याचं याला कुणी सांगितलं नव्हतं वाटतं."

भाऊसाहेबांनी सगळं इन्सुलिन विक्रीतून बाजूला काढलं.

दुसऱ्या दुकानातून औषध घेऊन मृणाल ताठ मानेने घरी निघाली. वाटेत गॅस आठवला, पण आज ती धावली नाही.