कोरी छाटी

“आणि आगीत टाकलं तर?”

“कापड जळेल, महाराज. लेप जळणार नाही. चुलीच्या आगीत तर नाहीच.”

“मातीत पुरलं?”

“कापड कुजेल. लेप राहील.”

“किती दिवस?”

खेमराज हसला. “दिवसांत नाही सांगता येत, महाराज. आपण नसू. तो असेल.”

उमेदगिर महाराजांनी डोळे मिटले. पोथी ऐकताना मिटत, तसे.

पौषातली सकाळ होती. मठापुढचं तळं धुक्यात बुडालं होतं. पाणी कुठं संपतं नि आभाळ कुठं लागतं, कळत नव्हतं. पायऱ्यांवर बसलेली तीन माणसं अधांतरी बसल्यासारखी दिसत होती. महाराज, त्यांचा जुना शिष्य कवडूगिर, आणि खेमराज टेंभरे.

खेमराज नागपूरला प्रयोगशाळेत होता. कापडावर, काचेवर, लोखंडावर चढवायचे लेप शोधून काढायचा. नाव झालं होतं, नावाआधी ‘डॉक्टर’ लागलं होतं. माणूस हुशार होता आणि हुशारी लपत नव्हती.

आज त्याला दीक्षा मिळायची होती.

मठाची रीत साधी. शिष्यानं कोरं पांढरं कापड आणायचं. गुरूनं ते आपल्या हातानं कावेच्या तांबड्या पाण्यात बुडवायचं आणि ओलंच त्याच्या खांद्यावर टाकायचं. ते अंगावरच वाळतं. तीच त्याची छाटी. मंत्र नाही, भाषण नाही. रंग चढला की शिष्य झाला.

ही आपल्या हातची शेवटची छाटी, असं महाराजांनी सांगून ठेवलं होतं. पुष्कळ जण ताटकळले होते. निवड खेमराजची झाली होती.

म्हणून त्यानं साधं कापड आणलं नव्हतं. आपला सर्वांत चांगला लेप चढवून आणलं होतं.

“दीक्षेचं वस्त्र कधी मळू नये, महाराज. धूळ बसणार नाही. तेल पडो, चिखल पडो, डाग म्हणून राहणार नाही.”

“बाप्पा!” कवडूगिर म्हणाला. “म्हणजे धोबी उपाशीच मेला म्हणा की!”

“मरू दे धोबी,” महाराज म्हणाले. “हे शिकलास कोणाकडून?”

खेमराजनं धुक्याकडं बोट केलं. तिकडं कुठंतरी कमळं होती.

“या तळ्याकडूनच. कमळाच्या पानावर पाणी थांबत नाही, घरंगळतं. लहानपणी पाहत बसायचो. पण पानावर मेण असतं, महाराज. मेण झिजतं. मी मेणाच्या जागी न झिजणारं बसवलं.”

“म्हणजे पानाच्या पुढं गेलास.”

“पान हरलं, महाराज.”

कवडूगिरनं खोकून तोंड फिरवलं.

महाराजांनी घंगाळ पुढं ओढलं. काव आदल्या दिवशीच भिजत घातली होती. त्यांनी बाह्या सारल्या, कापड दोन्ही हातांनी उचललं आणि बुडवलं.

वर काढलं.

तांबडं पाणी थेंब थेंब होऊन घरंगळलं. थेंब घंगाळात पडले. कापड पांढरंच.

पुन्हा बुडवलं. खाली दाबून धरलं. म्हाताऱ्या हातांनी तसंच धरून ठेवलं. बराच वेळ…

वर आलं ते पांढरं. कोरडं. धुक्यात ते कापड दिसेनासं झालं. महाराजांचे दोन तांबडे हात तेवढे दिसत राहिले. जणू रिकाम्या हवेला धरून उभे.

खेमराजचं तोंड उतरलं.

“हे… हे माझ्या ध्यानातच आलं नाही.”

“डॉक्टर,” कवडूगिर म्हणाला, “डाग नको म्हणालात. मग रंग काय वेगळा असतो जी?”

“गप रे,” महाराज म्हणाले.

तळ्यात एक मासा उसळला. दिसला नाही, नुसता आवाज आला.

“दुसरं कापड आणतो, महाराज. बाजारात साधं मांजरपाट मिळेल. तासाभरात येतो.”

“आण. आणि याचं काय करू?”

“द्या टाकून.”

महाराज कापड घेऊन दोन पायऱ्या खाली उतरले. पाण्यावर धरलं.

“नको, महाराज!” खेमराज धावला. “पाण्यात नको!”

“का?”

“लेप सुटत जातो. पाण्यात राहतो. मग माशांत. मग माणसांच्या रक्तात. तिथूनही लवकर जात नाही. अलीकडं सगळीकडं सापडायला लागलाय. पावसाच्या पाण्यातसुद्धा.”

“तुझा?”

खेमराजनं मान खाली घातली. “माझ्यासारख्यांचा.”

“मग जाळतो.”

“धुरातून जाईल.”

“पुरतो.”

“…विहिरीत उतरेल.”

“मग टाकू कुठं? तूच सांग. तू शहाणा आहेस.”

धुकं खेमराजच्या चष्म्यावर बसलं होतं. त्यानं तो पुसला नाही.

महाराजांनी कापड खांद्यावर टाकलं. वाकले. कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि तळाशी चाचपडत राहिले. काहीतरी हाताला लागलं. वर काढलं.

गेल्या वर्षीचं कमळाचं पान होतं. काळं पडलेलं. शिरा तेवढ्या उरलेल्या.

त्यांनी ते खेमराजच्या तळहातावर ठेवलं. ठेवता ठेवताच ते विरघळलं. बोटांच्या फटींतून चिखल होऊन गळलं. थोडा वास राहिला, ओल्या मातीचा.

“याच्याकडूनच शिकलास ना?”

“हो.”

“मग अर्ध्या धड्यावरून का उठलास?”

खेमराज आपल्या हाताकडं पाहत राहिला…

महाराजांनी पांढऱ्या कापडाची नीट घडी घातली आणि त्याच्या दुसऱ्या हातावर ठेवली.

“मांजरपाट नको. हेच घेऊन जा. याला कुजायला शिकव. मग आण. रंगवीन.”

“महाराज, हे सोपं नाही. जगभर लोक झटतायत. कुणाला थोडं जमलंय, पुष्कळांना नाही. वर्षं जातील माझी. आणि तोवर…”

त्याचे डोळे भरून आले. कवडूगिरनंही मान वळवली.

“तोवर काय?”

“तोवर तुम्ही…”

महाराज हसले. तांबडे हात तळ्यात धुऊ लागले. रंग पाण्यात पसरला, फिकटला, धुक्यासारखा झाला, नाहीसा झाला.

“माझी काळजी करू नकोस,” ते म्हणाले. “मला मरता येतं.”